नामसाम्य पुरेसे नाही

महोदय,

‘बायबलमधील गाव सापडले’ अशा बातम्या अधूनमधून येतात. परंतु ते गाव तेच कशावरून, हे त्यांत क्वचितच सांगितलेले असते. जेरुसलेमच्या वायव्येस असलेले एल-जीब हे गाव म्हणजेच बायबलमधील प्राचीन गिबोन, असे अमेरिकी अभ्यासक एडवर्ड रॉबिन्सन यांनी १८३८ मध्ये मुख्यतः नामसाम्यावरून सुचवले होते. त्याला भक्कम आधार मिळाला तो १९५६ पासून पुरातत्त्वज्ञ जेम्स प्रिचर्ड यांनी केलेल्या उत्खननात, जेव्हा खडकात खोदलेल्या खोल जलकुंडाच्या भरावातून ‘गिबोन’ हे नाव प्राचीन हिब्रू लिपीत कोरलेले घड्यांचे कान निघाले. एखादा घडा परगावाहून आला असेल, ही शंका रास्तच आहे. मात्र असे एकतीस कान एकाच ठिकाणी मिळाले आणि तेथेच मद्य साठवण्याची तळघरेही आढळली, त्यामुळे ती बरीच दुबळी होते.

याउलट आय नगराचे, जे बायबलनुसार इस्राएलींचा नेता यहोशवा याने जिंकले. एत-तेल या टेकडीच्या नावाचा अर्थ (‘आय’प्रमाणेच अवशेषांचा ढीग) आणि तिचे स्थान जुळत असले, तरी यहोशवाच्या स्वारीचा जो काळ सहसा मानला जातो, त्या काळात तेथे वस्तीच नव्हती. त्यामुळे काही अभ्यासक आय अन्यत्र शोधतात, तर काहींना कथेचाच पुनर्विचार आवश्यक वाटतो. बातमीदारांनी निदान पुरावा कोरीव लेखाचा आहे की केवळ नामसाम्याचा, एवढे तरी नमूद करावे.

— एक वाचक, पुणे