उत्तरेकडच्या खिडक्या ठरल्याप्रमाणे बसवून मिळण्याबाबत

दिनांक : १२ जानेवारी २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : कोटेशनमध्ये लिहिलेल्या खिडक्यांऐवजी दुसऱ्याच खिडक्या बसवल्याबद्दल तक्रार.

महोदय,

धुळ्यातील आपल्या विक्री केंद्रातून मी देवपुरातील आमच्या घरासाठी यूपीव्हीसीच्या (एका कडक प्लास्टिकच्या) खिडक्या आणि मागचे दार घेतले. पैसे पूर्ण भरले आहेत. बिल, सही-शिक्क्याचे कोटेशन आणि फोटो सोबत जोडत आहे. उत्तरेकडच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या कोटेशनमध्ये बिजागरीवर उघडणाऱ्या आणि दुहेरी काचेच्या आहेत. बसवल्या त्या सरकत्या आणि एकेरी काचेच्या. मला एका शब्दाने विचारले नाही, पैसे मात्र दुहेरी काचेचे घेतले.

याबाबत फोन केला तेव्हा आपल्या प्रतिनिधीने सांगितले, "साहेब, खान्देशात कुठे एवढी थंडी असते? इकडे हेच चालतं." या उत्तराचा मला फार राग आला. थंडीची लाट आली की धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात पारा ५-६ अंशांपर्यंत नोंदला जातो, दरवर्षी पेपरात छापून येते. उत्तरेच्या भिंतीला हिवाळाभर ऊन लागत नाही आणि वारा नेमका त्याच बाजूने येतो. त्या खोलीत माझी आई झोपते. तिला दमा आहे. जुन्या सागवानी खिडक्या आटून फटी पडल्या होत्या, म्हणूनच हा खर्च काढला. आणि उन्हाळ्याचे म्हणाल, तर बाहेर ४४ अंश असताना हीच दुहेरी काच उष्णताही अडवते. म्हणजे आमच्याकडे ती दोन्ही ऋतूंत लागते.

मी निवड विचार करूनच केली होती. अ‍ॅल्युमिनियम स्वस्त पडत होते, पण त्यातून उष्णता सहज जाते आणि साधी चौकट हिवाळ्यात गार पडते, म्हणून यूपीव्हीसी घेतले. सरकत्या खिडकीत झडप रुळावरून सरकायची असल्यामुळे कडेला फक्त ब्रशची पट्टी असते, तिच्यातून वारा शिरतोच. बिजागरीची झडप हँडल फिरवले की चारही बाजूंनी रबरावर दाबून बसते. काचेचेही तसेच. साध्या एकेरी काचेचे यू-मूल्य (काचेतून किती उष्णता जाते त्याचे माप, जितके कमी तितके चांगले) ५.७ च्या आसपास असते. दोन काचांमध्ये १२ मिमी हवा असली की ते २.८ च्या जवळ येते, म्हणजे काचेतून निम्मीच उष्णता बाहेर जाते. आपल्याच विक्री केंद्रातल्या माणसाने नमुना हातात देऊन मला हे समजावले होते. त्याने सांगितले ते बरोबर होते, म्हणून तर मी जास्तीचे पैसे दिले.

काच एकेरीच आहे याबद्दल वाद नको म्हणून रात्री दिवे बंद करून पाहिले. बैठकीच्या खिडकीसमोर (ती आपण बरोबर बसवली आहे) पेटती काडी धरली की दोन काचांच्या चार बाजूंमुळे चार ज्योती दिसतात, दोन अलीकडे, दोन पलीकडे. आईच्या खोलीत दोनच, त्याही एकमेकींना चिकटलेल्या. बंद खिडकीत दोन झडपा जिथे एकमेकींवर येतात तिथे उदबत्ती धरली, तर धूर वर न जाता आडवा खोलीत येतो. त्याचा व्हिडिओ माझ्याकडे आहे.

बसवणाऱ्या मिस्त्रीचे म्हणणे, बाहेर लोखंडी ग्रिल असल्याने बिजागरीची झडप उघडली नसती. हे कारण टिकत नाही. आपला माणूस माप घ्यायला आला तेव्हा ग्रिल पाहूनच त्याने दोन्ही खिडक्यांपुढे "आत उघडणारी" असे लिहिले आहे. मापाच्या कागदाचा फोटो जोडला आहे. शिवाय चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत फोम भरायचा होता. तिथे सिमेंटचे तुकडे कोंबून वरून सिलिकॉन ओढले आहे, ते एका कोपऱ्यात आताच सुटले.

मागच्या दाराखाली बोट जाईल एवढी फट आहे. तिथे रात्री गोधडी दुमडून लावावी लागते.

माझी मागणी साधी आहे. उत्तरेच्या दोन्ही खिडक्या काढून कोटेशनप्रमाणे आत उघडणाऱ्या, दुहेरी काचेच्या बसवाव्यात, चौकटीभोवती फोम भरावा आणि दाराखाली रबरी पट्टी लावून फट बंद करावी. फरकाची रक्कम परत देतो, हा आपल्या प्रतिनिधीचा प्रस्ताव मला मान्य नाही. मला खिडक्या हव्यात. या कामासाठी वेगळा पैसा मी देणार नाही.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत कामाची तारीख लेखी कळवावी. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार धुळे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

माणसे पाठवाल तेव्हा एक विनंती आहे. एक खिडकी काढली की ती पूर्ण बसवूनच दुसरीला हात लावावा. दोन्ही भोके रात्रभर उघडी राहिलेली आईला सोसणार नाहीत.

आपला,
एक ग्राहक
देवपूर, धुळे

सोबत : कोटेशन, बिल, मापाच्या कागदाचा फोटो, खिडक्यांचे व दाराचे फोटो