कृष्णविवराचा धक्का आणि क्षितिजाचा आकार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पानावरील कृष्णविवरांना बसणाऱ्या धक्क्याविषयीचा लेख वाचून आमच्या शेजारची अकरावीतली मुलगी विचारू लागली, ‘ज्यातून काहीच बाहेर येत नाही, त्याला धक्का कशाचा बसतो?’ लेखात याचे उत्तर नव्हते, म्हणून हे पत्र.

दोन कृष्णविवरे एकरूप होताना गुरुत्वीय लहरी क्षितिजाच्या, म्हणजे ज्याच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही त्या सीमेच्या, आतून येत नाहीत; भोवतालच्या अवकाशकालातून उठतात. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेने टिपलेल्या पहिल्याच घटनेत सुमारे तीन सूर्यांइतके वस्तुमान लहरींच्या रूपाने निघून गेले. या लहरी संवेगही (वस्तुमान गुणिले वेग) नेतात, त्यामुळे वस्तुमाने असमान असली किंवा परिवलने, म्हणजे स्वतःभोवतीचे फिरणे, जुळती नसली की उरलेले कृष्णविवर एका बाजूला फेकले जाते. परिवलन नसलेल्या जोडीत हा वेग सेकंदाला सुमारे १७५ किलोमीटरपर्यंतच जातो; परिवलन अनुकूल असेल तर तो काही हजारांवर पोहोचतो आणि कृष्णविवर दीर्घिकेबाहेरही पडू शकते.

गंमत पुढेच आहे. विलीनीकरणानंतर हा वेग थोडा घटतो. सोलापूरच्या पूर्व भागात मागावर काम केलेल्यांना हे चटकन कळेल : आडवा धागा नेणारा धोटा सुटताना माग उलट दिशेला हादरतो आणि समोरच्या पेटीत धोटा अडला की पुन्हा दुसरीकडे ढकलला जातो. लहरींना अडवणारी पेटी अर्थातच नसते. हा दुसरा धक्का क्षितिजाच्या आकारातून येतो. समोरासमोर आदळणाऱ्या असमान जोडीचे उदाहरण घेऊन भौतिकशास्त्रज्ञ लुचिआनो रेझोला आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ते दाखवले. नवे क्षितिज आरंभी देठाकडे निमुळत्या पेरूसारखे असते, लहान कृष्णविवराच्या बाजूला त्याची वक्रता अधिक असते आणि ती सपाट होताना त्याच बाजूने जास्त संवेग निघून जातो, म्हणून कृष्णविवराला उलट दिशेने धक्का बसतो.

क्षितिज दिसत नसले तरी लहरींवरून त्याचे मोजमाप होते. धक्का बसलेले कृष्णविवर घंटेसारखे विरत जाणाऱ्या लहरी सोडते, हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्येच दाखवले होते. १४ जानेवारी २०२५ रोजी, सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरलेली असताना, नोंदवलेल्या विलीनीकरणाच्या घटनेत दोन्ही क्षितिजांचे एकत्रित क्षेत्रफळ सुमारे २,४०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून कमी होते. विलीनीकरणानंतर ते सुमारे ४,००,००० झाले. क्षितिजाचे क्षेत्रफळ घटत नाही, हे हॉकिंग यांचे १९७१ मधील प्रमेय त्यातून पडताळता आले.

पुढील लेखात ‘सर्व गिळणारा राक्षस’ न रंगवता त्या पेरूच्या आकाराच्या क्षितिजाचे चित्र छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, सोलापूर