दिवा हिरवा, जोड कच्चा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

दांडिया बाजार, रावपुरा या आपल्या बडोद्याच्या जुन्या वस्तीतील इमारतींत आता इंटरनेटच्या फायबरच्या जोडण्या सर्रास होत आहेत. ते फायबर जिन्यात आणि गच्चीवर ज्या रीतीने बांधले व जोडले जाते, त्याकडे सोसायट्यांच्या चिटणिसांचे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. जोडणी झाल्यावर यंत्रावरचा हिरवा दिवा लागला की काम झाले असे मानून सही दिली जाते. परंतु तो दिवा प्रकाश पोचल्याचे सांगतो, किती पोचला हे सांगत नाही. घरगुती जीपॉन यंत्रे, म्हणजे फायबरमधील प्रकाश घेऊन इंटरनेट देणारी यंत्रे, साधारणपणे उणे 27 डीबीएमपर्यंतचा क्षीण प्रकाशही ओळखतात (डीबीएम हे प्रकाशशक्तीचे माप; उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी), त्यामुळे उणे 20 वरही दिवा हिरवा आणि उणे 26 वरही हिरवाच. उणे 26 असलेल्या घरी मात्र गाठीशी काही उरलेले नसते, कारण आणखी 3 डेसिबलची घट म्हणजे निम्मा प्रकाश गेला.

ही घट बहुधा शेवटच्या काही मीटरांत होते. काचेचा तंतू 125 मायक्रॉनचा आणि त्यातील प्रकाशवाही गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा असतो. म्हणून जोडण्यापूर्वी आवरण सोलून, तंतू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, मगच तो क्लीव्हरने काटकोनात तोडायचा असतो. तोडल्यावर त्याच्या टोकाला कशाचाही स्पर्श होता कामा नये. अशा तयारीने स्प्लाइसिंग मशीनवर वितळवून केलेल्या जोडात 0.1 डेसिबलहूनही कमी घट येते. धुळीच्या जिन्यात टोपण आधीच काढून ठेवलेला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसलेला कनेक्टर यापेक्षा कितीतरी अधिक प्रकाश गिळतो. हिरव्या कनेक्टरचे तोंड 8 अंशांनी तिरके असते, त्यामुळे त्याला निळा जोडणे तर सर्वथा चूक.

बांधणीची कथा याहून वाईट आहे. तांब्याच्या तारांचा जुडगा प्लॅस्टिकच्या टायने करकचून आवळला तरी बिघडत नाही, आणि वायरमनच्या हाताला तीच सवय असते. फायबर तसे आवळले की तुटत नाही. दाबाच्या जागी किंचित वाकते आणि प्रकाश बाहेर झिरपतो. ही गळती लांब तरंगलांबीला अधिक होते, म्हणून 1310 नॅनोमीटरवर निर्दोष दिसलेली तार ग्राहकाकडे येणाऱ्या 1490 च्या प्रकाशाला अडवू शकते. वेल्क्रोची सैल पट्टी वापरावी आणि उरलेल्या तारेचे वेटोळे बंद पेटीत ठेवावे. साध्या फायबरसाठी त्याची त्रिज्या 30 मिलिमीटरहून कमी नसावी.

आपल्या शहरात उत्तरायणाच्या पतंगांची भर पडते. दोन गच्च्यांमधून लोंबणाऱ्या केबलला मांजा अडकतो आणि पोरे तो जोर लावून ओढतात. केबलसोबतची पोलादी तार वेगळी करून हुकाला पक्की केलेली नसेल, तर तो सगळा ताण काचेवर आणि कनेक्टरवर येतो.

सोसायट्यांनी अंतिम देयक देण्यापूर्वी प्रत्येक घरचे 1490 नॅनोमीटरवरील पॉवर मीटरचे माप पेटीच्या आतल्या चिठ्ठीवर लिहून घ्यावे, आणि गच्चीवरील आधारांची पाहणी जानेवारीआधी उरकावी. तोडलेल्या काचेचे तुकडे झाकणाच्या डबीत गोळा करून न्यावयास कारागिरास सांगावे. ते डोळ्यांना जवळपास दिसत नाहीत आणि जिन्यात मुले अनवाणी खेळत असतात.

आपला,
एक निवृत्त केबल-जॉइंटर, बडोदे