नऊ पत्रांचा थॉमस राइट

अमळनेर,
दि. १२ मे

प्रिय अरविंद,
सप्रेम नमस्कार.

पदवी नसलेल्या माणसाने विश्वाच्या रचनेवर पुस्तक लिहावे काय, असे तू विचारले होतेस. त्यावर मला थॉमस राइट आठवला. इंग्लंडच्या डरहॅम परगण्यात १७११ साली जन्मलेला हा सुताराचा मुलगा घड्याळजीकडे उमेदवारी करीत होता. त्याचे वाचनाचे वेड वडिलांना इतके खुपले की त्यांनी त्याची पुस्तके जाळून टाकली. पुढे गणित व नौकानयन शिकवून, धनिकांच्या बागा आखून त्याने पोट भरले. १७५० साली निघालेले त्याचे पुस्तक म्हणजे मित्राला लिहिलेली नऊ पत्रे, म्हणजे आपलाच उद्योग!

त्याचा मुद्दा मला परवा रावेरला मामांच्या केळीच्या बागेत नीट उमगला. बागेच्या मधोमध उभे राहून समोर पाहिले, तर खोडामागे खोड दाटत जाऊन शेवटी नुसती हिरवी भिंत दिसते. मान वर केली, तर दोन पानांच्या फटीतून मोकळे आकाश. राइट म्हणतो, आपणही ताऱ्यांच्या अशाच एका पातळ थरात आहोत आणि थराच्या दिशेने पाहिले की ताऱ्यांची जी गर्दी एकजीव होते, तीच आकाशगंगा. मात्र हा थर त्याला एका प्रचंड पोकळ गोलाच्या कवचाचा तुकडा वाटे, किंवा शनीभोवतीच्या कड्यासारखा. कारण मध्यभागी ईश्वराचे आसन हवे होते. ती हौस त्याला नडली, असे माझे मत आहे.

गंमत पुढेच आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांटने मूळ पुस्तक न पाहता १७५१ साली हॅम्बुर्गच्या एका नियतकालिकातील गोषवारा वाचला, राइटला सपाट चकतीच अभिप्रेत आहे असे समजला, आणि १७५५ साली, आकाशातील अंधुक ढगासारखे ठिपके म्हणजे अशाच दूरच्या चकत्या असाव्यात, असे लिहून मोकळा झाला. राइटचे ऋण त्याने मान्य केले. पण प्रकाशकाचे दिवाळे निघाल्याने कांटचे ते पुस्तकही फारसे कोणाच्या हाती पडले नाही. इथल्या तत्त्वज्ञान मंदिर या संस्थेच्या आवारात कांटवरून आपण तासन्‌तास भांडलो, तेव्हा यातले आपल्याला काहीच ठाऊक नव्हते.

राइटने मात्र उतारवयात आपले म्हणणे फिरवले: आकाश घन आहे, तारे म्हणजे ज्वालामुखी आणि आकाशगंगा म्हणजे जळत्या डोंगरांची रांग! ते हस्तलिखित १९६८ साली छापले गेले.

अमावास्येला ये, घराच्या धाब्यावर गोधड्या टाकू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मधू