५ गॅलनचा केग म्हणून विकलात, बिअर निघते साडेचारच गॅलन

नमस्कार,

तुमच्याकडनं मागवलेल्या ५ गॅलनच्या बॉल लॉक केगबद्दल, म्हणजे घरी केलेली बिअर ठेवायच्या त्या बंद डब्याबद्दल लिहितोय. मराठी मंडळाच्या पिकनिकला तुमचा स्टॉल होता तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात की काही प्रॉब्लेम आला तर बिनधास्त मराठीत मेल टाका, म्हणून टाकतोय. सपोर्टला आधी इंग्रजीत लिहून झालंय, त्याचं काय झालं ते पुढे सांगतो.

हे अंदाजपंचे बोलत नाहीये, मोजलंय. इंडियाला जाताना बॅगा तोलायला हुकवाला काटा असतो ना प्रत्येकाच्या घरी, तोच घेतला. रिकामा केग झाकण आणि पोस्टसकट (म्हणजे वर गॅसची आणि बिअरची नळी जोडायची तोंडं) ४.२ किलो. मग झाकण हँडलला लटकवून केग नळाच्या पाण्यानं अगदी तोंडापर्यंत काठोकाठ भरला, वजन आलं २३.१, म्हणजे पाणी १८.९ किलो, लिटरला किलो धरा, १८.९ लिटर. अमेरिकन ५ गॅलन म्हणजे १८.९३ लिटर. वा! म्हणजे तुमचा आकडा बरोबर आहे, फक्त झाकण लावायचं नाही एवढीच अट. (काटा खोटा असेल म्हणाल, तर २० पाउंडाची तांदळाची पिशवी टांगून बघितलीये, बरोबर दाखवतो. आणि २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाणी ९९८ ग्रॅमच भरतं हेही माहितीये, त्यानं फरक पडतो ४० मिलीच्या आसपास, माझी तक्रार लिटरांची आहे.)

आता तुम्ही बिअरचं सामान विकता म्हणजे तुम्हाला हे सांगायला नको, पण सपोर्टला सांगावं लागलं म्हणून इथेही सांगतो. गॅसच्या पोस्टखाली जी छोटी ट्यूब असते तिच्या टोकाच्या वर बिअर जाऊन चालत नाही, कारण सिलिंडर संपला किंवा रेग्युलेटरचं प्रेशर खाली आणलं की केगमधलं प्रेशर जास्त पडतं आणि बिअर उलटी गॅसच्या नळीत चढते, उलटं जाऊ न देणारा चेक व्हॉल्व नसेल तर थेट रेग्युलेटरपर्यंत. म्हणजे केग भरायचा तो त्या टोकाच्या खालीच. तुमच्या केगमध्ये ही ट्यूब नको तेवढी लांब आहे. पाणी तिच्या टोकापर्यंत खाली आणून परत तोललं तर १७.८ लिटर, वरचे १.१ गेले.

मग झाकण लावलं, थोडा गॅस सोडला आणि बिअरच्या नळातून पाणी काढत राहिलो, शेवटी नुसता गॅस फुरफुरायला लागल्यावर बंद करून तोललं तर तळाला ६०० मिली तसंच शिल्लक. टॉर्च मारून बघितलं तर तळाच्या मधोमध जो खळगा असतो, ज्यात बिअर वर नेणाऱ्या लांब ट्यूबचं टोक बसायला पाहिजे, तिथपर्यंत ती पोचतच नाही, बाजूला आणि वर लोंबकळतेय. तर हिशोब असा की १७.८ मधून ०.६ गेले, राहिले १७.२ लिटर, म्हणजे ४.५४ गॅलन. १६ औंसाच्या पाइंटमध्ये ४० च्या जागी ३६. दूधवाल्यानं फेसासकट लिटर मोजावा तसला प्रकार आहे हा.

गाळ वर येऊ नये म्हणून काहीजण मुद्दाम ट्यूब थोडी कापतात, ते मला माहितीये, पण ती ज्याची त्यानं आपल्या केगची कापायची, तुम्ही कापून का पाठवताय? आणि खरा वैताग त्या वाया जाणाऱ्या बिअरचा नाहीच. आम्ही केगमधली हवा घालवायला तो आधी सॅनिटायझरच्या पाण्यानं पूर्ण भरतो आणि कार्बन डायऑक्साइडनं ते सगळं बाहेर ढकलतो, की आत ऑक्सिजन राहत नाही आणि फर्मेंटरमधून, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्यातून, ती बंदच्या बंद आत घेता येते. तुमच्या केगमध्ये हे केलं की ६०० मिली ते सॅनिटायझरचं ॲसिडवालं पाणी खालीच राहतं. ते ओतून द्यायला झाकण उघडलं तर हवा आत, नाही उघडलं तर ते बिअरमध्ये मिसळणार. केलेली सगळी मेहनत पाण्यात, शब्दशः. आयपीए होती माझी, भरपूर हॉप्स लागणारी बिअर, हॉप्स काय भावानं मिळतात ते तुम्हीच विकता. वर जी केगमध्ये मावली नाही ती बाटल्यांत भरली, तिला लागायची ती हवा लागलीच आणि आता तिला ओल्या पुठ्ठ्याची चव आहे.

सपोर्टचं उत्तर काय, तर "गॅलन वेगवेगळे असतात, बहुतेक तुम्ही यूकेचा गॅलन धरलाय". अहो, यूकेचे ५ गॅलन म्हणजे २२.७ लिटर, तो धरला तर तुमचा केग अजूनच लहान पडतो! ते कळवल्यावर दुसरं उत्तर आलं, "please fill less beer". हे ऐकून घरात सगळे हसले, मीही हसलो, पण पैसे माझे गेलेत.

जुने केग असेच असतात असंही सांगू नका. माझ्याकडे सोड्याच्या जमान्यातला पेप्सीचा जुना केग आहे, डेंट पडलेला, सेकंडहँड, तो याच काट्यावर याच पद्धतीनं मोजला. गॅस ट्यूबच्या खाली १९ लिटर आरामात बसतात आणि तळाला उरतं ते जेमतेम कपभर. मग नव्याकोऱ्या केगला काय धाड भरलीये? तुमच्या साइटवर एका ठिकाणी १९ लिटर आणि खाली टेबलमध्ये २० लिटर आहे, त्यातलं कुठलंच झाकण लावून मिळत नाही.

तर मला दोन्ही ट्यूब बदलून द्या, गॅसची आखूड आणि बिअरची खळग्यात टेकेल एवढी लांब. जमत नसेल तर केग परत घ्या आणि पूर्ण पैसे द्या, परत पाठवायचा खर्च तुमचा, एवढा अवजड डबा मी माझ्या खर्चानं पाठवणार नाही. आणि साइटवर काठोकाठ किती, गॅस ट्यूबपर्यंत किती आणि तळाला किती राहतं हे तीन आकडे टाका, एक केग, एक काटा आणि अर्धा तास लागतो, पाहिजे तर माझेच टाका.

काट्याचे आणि तळाचे फोटो जोडलेत. ट्यूब पाठवणार असाल तर ओ-रिंगसकट पाठवा, आत्ताच्या गॅसच्या बाजूची ओ-रिंग चपटी आहे, तिथून गॅस लीक होतो, साबणाचं पाणी लावून बघितलंय.