नाना, चाक वाजवून बघा

पुणे
श्रावण लागला त्या दिवशी

ती. नाना आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

बिबड्या आणि कळण्याचं पीठ पोचलं. बिबड्यांचा अजिबात चुरा झाला नाही. डबा नानांनी बांधला असणार, सुतळीच्या गाठींवरून कळलं.

आई, परवा तू फोनवर म्हणालीस, कानबाईच्या सणाला अमळनेरची मावशी विचारेल, पोरगी ऑफिस सुटल्यावर रात्री-बेरात्री काय करते, तर काय सांगू? "कम्प्युटरवर खटखट करते" सांगितलंस तरी खोटं नाही. मी कोड लिहून संगीत बांधते. पण नानांना हे नीट सांगायचंय, कारण त्यातलं निम्मं त्यांचंच आहे. फोनवर सांगायला गेले की नाना टीव्हीचा आवाज कमी करत नाहीत, म्हणून हे पत्र. (नोकरी आहे तशी आहे. काळजी नको.)

नाना, भुसावळला गाडी फलाटाला लागताना तुमची कॅरेज-वॅगनची, म्हणजे डबे तपासणारी माणसं दोन्ही बाजूंना उकिडवी बसायची, ते मी लहानपणी पाहिलंय. नजर चाकांवर आणि कान त्याहून जास्त. फ्लॅट झालेलं, म्हणजे एका जागी घासून सपाट झालेलं चाक दिसायच्या आधी ऐकू यायचं, धप्-धप्-धप्. मग गाडी थांबली की हातोडी. धड चाक खणखणायचं आणि आवाज बराच वेळ रेंगाळायचा. तडा गेलेलं चाक बद्द बोलायचं. तुम्ही तेवढ्यावर डबा गाडीतून काढायला लावायचात. आम्हाला दोन्ही आवाज सारखेच वाटायचे.

मी सध्या तेच चाक तयार करतेय, लोखंडाशिवाय.

कम्प्युटरच्या लेखी आवाज म्हणजे आकड्यांची रांग. स्पीकरचा पडदा या क्षणाला किती पुढे, किती मागे, एवढंच तो आकडा सांगतो. सीडीवर असे सेकंदाला ४४,१०० आकडे असतात. ते माइकनं टिपलेले असतील, नाहीतर गणित करून नव्यानं मांडलेले. मी मांडते. चाकावर हातोडी पडली की एकच सूर निघत नाही. अनेक सूर एकदम उठतात, एकमेकांशी धड न जुळणारे, आणि प्रत्येक आपापल्या चालीनं विरतो. मी त्यातल्या ठळक सुरांसाठी कोडची एकेक ओळ लिहिते: किती उंच, किती मोठा, किती वेळात विरायचा. विरायचा वेळ कमी केला की चाक तडकतं. हे पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारल्या, कारण हा फरक मला आजवर ऐकूच येत नव्हता.

आता ताल. तुम्हाला मापं पाठ आहेत, तरी लिहिते. चेन्नईच्या कारखान्याच्या जुन्या, आयसीएफ डब्याच्या एका ट्रॉलीतल्या दोन एक्सलमधलं अंतर २,८९६ मिलिमीटर. (बोगी म्हणजे खरं तर डब्याखालचा चाकांचा गाडा; लोक अख्ख्या डब्याला बोगी म्हणतात म्हणून तुम्ही चिडायचात, म्हणून इथे ट्रॉलीच म्हणते.) दोन ट्रॉल्यांच्या मध्यांत १४,७८३. बफरपासून बफरपर्यंत डबा २२,२९७. आता आपण रुळाच्या जॉइंटपाशी उभे आहोत आणि गाडी ताशी ६० किलोमीटरनं चाललीय, म्हणजे सेकंदाला १६.६७ मीटर. एका ट्रॉलीची दोन चाकं जॉइंटवर ०.१७४ सेकंदाच्या अंतरानं आदळतात. मग ०.२७७ सेकंदांनी मागच्या डब्याची पहिली ट्रॉली, पुन्हा ०.१७४. आणि मग डब्याचं पोट जाईपर्यंत ०.७१३ सेकंद शांत. खट्-खट्, खट्-खट्, आणि मोकळी जागा. हे चार आकडे कोडमध्ये घातले आणि फिरवत ठेवले की गाडी सुरू. माझ्या रचनेचा सगळा ताल एवढाच आहे. मी त्यात एकही मात्रा घरची घातलेली नाही.

नव्या घडणीचे एलएचबी डबे वेगळे वाजतात, कारण त्यांच्या ट्रॉलीत हेच अंतर २,५६० आहे. चेन्नईच्या कारखान्यानं जुन्या पद्धतीचे डबे बनवणं २०१८ मध्ये थांबवलं, आणि रूळ वेल्ड करून लांबच लांब केल्यामुळे जॉइंटही कमी झाले. म्हणजे हा ठेका आता मोडीत निघतोय. मी तो जपून ठेवतेय असं कुणी म्हटलं तर मला संकोच वाटतो. मला तो आवडतो, इतकंच.

हे खूळ एकट्या माझं नाही. १९४८ साली पॅरिसमध्ये पिएर शेफर नावाच्या रेडिओतल्या इंजिनिअरनं बातिन्योल स्टेशनात जाऊन इंजिनांचे आवाज तबकड्यांवर घेतले, त्यातून एक रचना बांधली आणि ती रेडिओवर लावली. १९५७ मध्ये अमेरिकेच्या बेल लॅबमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी कम्प्युटरकडून १७ सेकंदांचं संगीत वाजवून घेतलं. आपली नवजीवन एक्सप्रेस जाते त्या अहमदाबादला, राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकारानं मूग सिंथेसायझरचा (विजेवर आवाज घडवणाऱ्या यंत्राचा) स्टुडिओ उभा केला होता, आणि पखवाज वाजवणाऱ्या गीता साराभाईंचा त्यात हात होता. माझं सॉफ्टवेअर, सुपरकोलायडर, जेम्स मॅकार्टनी यांनी १९९६ मध्ये आणलं. आई, ते फुकट मिळतं, एक पैसा घातलेला नाही.

कार्यक्रम असतो तेव्हा मी लोकांसमोर बसून कोड लिहिते आणि ते लिहिता लिहिताच वाजत असतं. मागच्या भिंतीवर माझी स्क्रीन दिसते, सगळ्यांना ओळी वाचता याव्यात अशी. हा असं कोड लिहून वाजवणाऱ्यांचा रिवाजच आहे, लपवाछपवी नाही. मी ०.७१३ खोडून ०.५ केलं की हॉलमध्ये डबा आखडलेला ऐकू येतो. एकानं नंतर विचारलं, "लोकल होती का?" नाना, तुम्ही त्याला काय म्हणाला असतात ते माहीत आहे.

आई, तुझ्यापाशी अडलंय ते वेगळंच. मशीन ठेका चुकत नाही आणि म्हणून ऐकणाऱ्याला लवकर कंटाळा येतो. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर तुम्ही बायका गौराईची गाणी म्हणता तेव्हा ओळ झोक्याबरोबर लांबते, झोका मंदावला की गाणंही मंदावतं, कुणीतरी जोर दिला की पुन्हा उचलतं. मी कोडमध्ये थोडं मागेपुढे होऊ द्यायची सोय केली, पण ते नुसतं डळमळीत वाटतं. यंत्राला झोका कळत नाही, दम लागणं कळत नाही. तुझा श्वास कुठे पडतो ते मला मोजायचंय. कानबाईच्या जागरणाला छोटा रेकॉर्डर आणते, पण गल्लीतल्या बायकांना आधी तू विचार. एक जरी नको म्हणाली तरी बॅगेतून काढणार नाही. गाणी त्यांची आहेत. मागे मी माझी गाडी ऐकवली तेव्हा तू "हाई काय शे वं माय?" म्हणालीस, ते मात्र मी टिपून ठेवलंय आणि तुझी परवानगी असेल तर वापरणार आहे.

नाना, काम तुमच्याकडे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाच फाइली पाठवल्यात, प्रत्येकीत एकच ठोका. काही धड चाकाचे आहेत, काही तडकलेल्या. फाइलींची नावं मुद्दाम क, ख, ग अशी ठेवलीत. टीव्ही बंद करून, इयरफोन लावून ऐका आणि कोणतं चाक गाडीतून काढाल ते लिहून पाठवा. "छान आहे" लिहू नका. एकही खऱ्या चाकासारखं वाजत नसेल तर तसं लिहा, आणि कुठे खोटं वाटतं तेही: ठोका पडतो तिथे, की आवाज विरतो तिथे.

तुमची
पिंकी