तक्रार: स्लिप क्लेची माती बदलली, गोणीवर मात्र एक शब्द नाही

नमस्कार सर/मॅडम,

तुमच्याकडून मागवलेल्या स्लिप क्लेच्या, म्हणजे भट्टीत वितळून भांड्यावर चकचकीत थर धरणाऱ्या मातीच्या, नव्या गोणीबद्दल ही तक्रार आहे. तुमची पावडर मी बऱ्याच वर्षांपासून वापरते आणि माझ्या मगांचा तो मधाळ तपकिरी रंग तिच्यातल्या लोहामुळेच येतो, त्यामुळे जास्तच वाईट वाटतंय. नाव तेच, भाव तोच, पण आतली माती वेगळी आहे.

माझं ग्लेझ, म्हणजे मगावरचा काचेसारखा लेप, एकदम साधं आहे, ८० टक्के स्लिप क्ले आणि २० टक्के बोरॉनवालं फ्रिट (ग्लेझ लवकर वितळावं म्हणून घालायची काचेची पूड), इलेक्ट्रिक भट्टी, भाजणीचं माप कोन ६ म्हणजे १२२० डिग्री सेल्सिअसच्या आसपास. एवढी कच्ची माती ग्लेझमध्ये घातली की वाळताना ती आकसते, म्हणून त्यातली अर्धी मी आधी भाजून घेते आणि मगच मिसळते. जुन्या मातीला एवढं पुरायचं. नवीचं ग्लेझ मात्र बिस्कवर, म्हणजे एकदा भाजलेल्या कोऱ्या मगावर, वाळता वाळताच आटलेल्या तळ्यासारखं भेगाळलं, आणि भट्टी उघडली तर मगाच्या कडेला, कानाच्या जोडापाशी ग्लेझ मागे सरून त्याचे गोळे झालेले, मधे उघडी माती, आणि जिथे टिकलं तिथे पिनहोल, टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं. दिवाळीच्या ऑर्डरचा माल होता हो हा सगळा!

जुन्या गोणीतली थोडी माती शिल्लक होती म्हणून दोन्हीच्या टेस्ट टाइल, म्हणजे ग्लेझ तपासायचे छोटे तुकडे, केल्या, तीच रेसिपी, तेच पाणी, तीच चाळणी, एकाच शेल्फवर ठेवून भाजल्या. जुनीची टाइल गुळगुळीत आली, नवीची परत तशीच. मग दोन्ही कच्च्या पावडरींवर व्हिनेगर टाकून बघितलं तर जुनी शांत आणि नवी चक्क फसफसली, म्हणजे हिच्यात चुनखडी आहे, भट्टीत तिचा वायू सुटतो, माझ्या मते पिनहोल त्याचेच.

तुमच्या कस्टमर केअरवाल्यांनी फोनवर सांगितलं की नॅचरल प्रॉडक्ट आहे, फरक पडणारच. अहो, ते मलाही कळतं. न्यूयॉर्क राज्यातली अल्बनी स्लिप ही अशीच माती कितीतरी पिढ्या स्टोनवेअरवर, म्हणजे जास्त तापमानाला भाजलेल्या पक्क्या भांड्यांवर, वापरली गेली आणि १९८० च्या दशकात तिची खाण बंद झाल्यावर कुंभारांना आपापल्या रेसिपी नव्याने बसवाव्या लागल्याच. मातीची जागा बदलली तर मीही भाजायचं प्रमाण बदलेन, फ्रिट कमीजास्त करेन, पण बदललीय हे मला गोणीवर वाचून कळायला हवं की माल वाया गेल्यावर?

तर ही गोणी परत न्या आणि येण्याजाण्याच्या कुरिअरसकट पूर्ण पैसे द्या. जुन्या बॅचची माती असेल तर ती पाठवा, नसेल तर तसं स्पष्ट सांगा. आणि यापुढे प्रत्येक गोणीवर बॅच नंबर टाका, सोबत त्या बॅचचं अ‍ॅनालिसिस द्या, सिलिका, अ‍ॅल्युमिना, चुना, लोह किती आणि भाजल्यावर वजन किती घटतं एवढं तरी. कुठल्याही लॅबमध्ये होतं हे.

बिल, टाइल्सचे आणि मगांचे फोटो, व्हिनेगर टेस्टचा व्हिडिओ जोडलाय. आठवड्याभरात मेलवर लेखी उत्तर द्या, फोन नको.

तुमची जुनी ग्राहक,
पुणे